शेजारचा खण

विनंती नामंजूर. कारण क्रमांक चार.

विद्याधर हुपरीकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. खरं तर कारण क्रमांक चार वाचायला त्यांना चष्म्याची गरज नव्हती. ते वाक्य सहा वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिलं होतं: ‘मागितलेला आकार मूळ आकारापेक्षा वेगळा आहे. असा बदल करता येणार नाही.’ तेव्हा त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या इरफान मुजावरने विचारलं होतं, सुरुवातीला ‘कृपया’ घालायचं का? हुपरीकर म्हणाले होते, “नकार नकारासारखा असावा. त्याला कृपया कशाला?”

आता तो नकार त्यांच्याच पदरात पडला होता, तोही तिसऱ्यांदा, आणि खरंच त्यात कुठे कृपया नव्हतं.

हाती अकरा दिवस उरले होते.

अकरा दिवस कशाचे, हे सांगायचं तर थोडं मागे जायला हवं. माणसाच्या मेंदूत, कानाच्या आतल्या अंगाला, करंगळीएवढा एक भाग असतो. दिवसभरात जे घडतं ते कायमचं जपून ठेवायची सुरुवात तिथे होते. चार वर्षांपूर्वी मेंदूज्वराने हुपरीकरांचा नेमका तेवढा भाग खाऊन टाकला. आजारापूर्वीची चौपन्न वर्षं जशीच्या तशी राहिली. शाळा, नोकरी, लग्न, बायकोचं जाणं, सगळं लख्ख. पण नवं काही पाच-दहा मिनिटांपलीकडे टिकेना. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले की हुपरीकर त्यांना नव्याने नमस्कार करत.

त्यावर उपाय निघाला होता आणि तो त्यांच्याच गावात, मिरजेत होता. एका ट्रस्टने चालवलेल्या स्मृतिकेंद्रात एक भलंमोठं यंत्र होतं. रुग्णाच्या कानामागे एक चकती बसवायची. मेंदूत उमटणारे ठसे ती चकती यंत्राकडे पाठवते, यंत्र ते साठवतं आणि आठवण काढली की परत देतं. एका यंत्रात तीनशे रुग्ण. प्रत्येकाला वाटावं की सगळं यंत्र आपलंच आहे, अशी त्याची रचना. हे भासवणाऱ्या प्रोग्रॅमला केंद्रातले लोक यजमान म्हणत, रुग्णांना पाहुणे, आणि प्रत्येक पाहुण्याला वाटून दिलेल्या जागेला खण. हुपरीकरांचा खण दोनशे बारा.

एका पाहुण्याचा खण दुसऱ्याच्या खणात सरकला तर काय होईल, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. म्हणून यजमानाच्या दारावर एक तपासनीस बसवला होता. खणात काहीही बदल करायचा तर पाहुण्याच्या बाजूने एक चिठ्ठी जायची, तपासनीस ती वाचायचा आणि होय किंवा नाही म्हणायचा. खण दुसऱ्यावर चढता कामा नये. खण हलवता येईल, पण त्याचा आकार बदलता येणार नाही. मोठा हवा असेल तर जुना मोडून नवा घ्यावा. खणात लिहिणं थांबवता येईल, पण एकदा थांबवलं की पुन्हा सुरू करता येणार नाही, कारण मधल्या रिकाम्या दिवसांत मेंदू वाटेल ते रचून भरतो. हा तपासनीस म्हणजे हुपरीकरांच्या उभ्या नोकरीतलं सर्वात चोख काम. तो लिहून दोन वर्षं झाली आणि ते स्वतःच पाहुणे म्हणून आत गेले.

खण देताना पाच वर्षांचा अंदाज धरला होता. हुपरीकरांनी तो चारच वर्षांत भरत आणला. आजारातून उठल्यावर हा माणूस वर्तमानपत्र शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचा, भाजीवाल्याच्या मुलांची नावं विचारायचा. हावऱ्यासारखं जगला, आणि जागा संपली.

खण मोडून नवा घ्यायचा म्हटलं तर मधला क्षणभर मेंदूच्या हाताला काहीच लागत नाही. आठवणी यंत्रात असतात, पण त्यांचे धागे मेंदूत असतात, आणि ते त्या क्षणात कायमचे सुटतात. म्हणजे चार वर्षं गेली, आणि धागे सुटलेला मेंदू नवा खण धरेल याचीही खात्री नव्हती. लिहिणं थांबवून शेवटचे अकरा दिवस पुढे वापरावेत, तर तपासनिसाचा तिसरा नियम. हुपरीकरांनी एकेक दार ढकलून पाहिलं होतं, आणि प्रत्येक दाराला कुलूप त्यांच्याच हातचं होतं.

*

“बाबा, चहा गार झाला,” केतकी म्हणाली.

केतकी ही त्यांची एकुलती एक मुलगी. साडेसात महिन्यांची गरोदर होती आणि बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दारात उभी राहून तिने एक हात कमरेवर ठेवला होता. तिची आई अशीच उभी राहायची.

“डॉक्टर काय म्हणाल्या?”

“सगळं ठीक. अजून दीड महिना.” ती हळूच खुर्चीत बसली. “आणि तुमचं काय? इरफानकाकांचा फोन आला होता. ते आधी काही बोलेचनात. मग सगळं बोलले.”

हुपरीकरांनी कप उचलला. खण भरत आल्याचं त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. सांगून काय करायचं होतं? पण लपवल्याची लाज वाटलीच.

“म्हणजे बाळ होईल तेव्हा,” केतकी म्हणाली, “तुम्ही त्याला बघाल आणि दहा मिनिटांनी विसराल. रोज.”

“हो.”

“ते शाळेत जाईल, तेव्हाही.”

“केतकी, हो.”

ती रडली नाही. कपाखालची बशी तिने सरळ केली, पुन्हा वाकडी केली. हुपरीकरांना एकदम खोलीतली हवा कमी झाल्यासारखी वाटली. भीती मरणाची नव्हती. आपण घरात असू, जेवू, हसू, आणि तरी या एका महिन्याच्या अलीकडेच कोंडलेले राहू, पलीकडे सगळे आपल्याला हाका मारत असतील, याची होती.

ती आत गेल्यावर त्यांनी नकाराचा कागद पुन्हा समोर घेतला, निव्वळ काहीतरी करायचं म्हणून. आणि या वेळी त्यांचं लक्ष खालच्या ओळीकडे गेलं.

सकाळी चिडून त्यांनी चिठ्ठीत मोठा आकार टाकला होता, धाडली होती, आणि लगेच, काही उपयोग नाही हे कळून, आकडा पुन्हा पहिल्यासारखा केला होता. कागदावर वर लिहिलं होतं: आकार वेगळा आहे. खाली मागितलेला आकार छापला होता, आणि तो वेगळा नव्हता. मुळाइतकाच होता.

हुपरीकरांनी त्या दोन ओळी पुन्हा ताडून पाहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं.

तपासनिसाने चिठ्ठी वाचली होती आणि नंतर यजमानाने ती पुन्हा वाचली होती. एकच चिठ्ठी, दोनदा. सोमवारी सकाळी यंत्रावर गर्दी असते, म्हणून त्या दोन वाचनांमध्ये हुपरीकरांचा हात शिरण्याइतका वेळ गेला होता. चिठ्ठी असते पाहुण्याच्या खणात, त्याच्या हाताशी. म्हणजे दारावरच्या माणसाने पिशवी तपासायची, पाहुण्याच्या हाती परत द्यायची, आणि आतल्या माणसाने ती न उघडता घ्यायची, त्यातला प्रकार. तपासताना साधी विनंती दाखवायची, ती मंजूर झाली की आकडा फिरवायचा. वेळ जुळून यायला हवी, पण छोटासा प्रोग्रॅम लिहून हजारो चिठ्ठ्या धाडल्या तर एखादी जुळणारच.

ही चूक कुठून आली, तेही त्यांना आठवलं. चिठ्ठीची आधी नक्कल करून ती तपासायची, असं पहिल्या खर्ड्यात होतं. नक्कल करण्यातला वेळ वाचवायला त्यांनीच ती ओळ काढली होती. तपासनीस दुप्पट वेगाने चालू लागला, बैठकीत टाळ्या पडल्या, इरफानने दुसरी सही केली. सहा वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्यांचा हुपरीकर सरांवर विश्वास होता.

भिंतीला एक फट होती. ती त्यांनीच ठेवली होती, आणि ती फक्त त्यांनाच माहीत होती.

*

प्रोग्रॅम लिहायला दोन दिवस लागले. खण पुढच्या बाजूने वाढवायचा, अवघ्या दोन महिन्यांइतका. बाळाचा जन्म, बारसं, पहिलं हसू. अधाशीपणा करायचा नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं, आणि एवढ्या सभ्य चोरीचं स्वतःलाच हसू आलं.

पण पुढची जागा रिकामी नव्हती. तिथे दोनशे तेरा होता.

दोनशे तेरा म्हणजे जयसिंगपूरच्या आक्काताई मगदूम. त्यांचं भडंगाचं दुकान होतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांनाही चकती बसवली होती. दर महिन्याच्या तपासणीला दोघं एकाच बाकावर बसत आणि आक्काताई पिशवीतून भडंगाचा पुडा काढून म्हणत, “खावा सर, आत गेल्यावर डोस्क्याला वायरी लावत्यात, भुकेल्या पोटी नगं.” एवढीच ओळख.

केतकीने पडद्यावरचा नकाशा पाहिला. ती बँकेत हिशेब तपासणारी, तिला समजायला वेळ लागला नाही.

“या बाईंचं काय जाईल?”

“पहिले दोन महिने. माझ्या नव्या आठवणी त्यांच्यावर लिहिल्या जातील.”

“त्यांना कळेल?”

“नाही. जे आठवतच नाही ते गेलं हे कसं कळणार?”

केतकी हळू आवाजात म्हणाली, “करा बाबा.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“मला ठाऊक आहे मी काय बोलतेय ते. मला आई नाही. माझ्या बाळाला आजोबा आहेत, पण ते रोज विचारणार, हे कुणाचं बाळ. मी किती दिवस सांगू?” तिने पडद्यावरच्या नकाशाकडे बोट केलं. “दोन महिने. कुणाला कळणारही नाही.”

“त्याचीच तर अडचण आहे,” हुपरीकर म्हणाले. पण बटणावरचं बोट त्यांनी लगेच काढलं नाही. काढावंसं वाटत नव्हतं, हे खरं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ते एसटीने जयसिंगपूरला गेले. कशासाठी, हे त्यांनी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. कदाचित त्यांना अशी आशा होती, की ती बाई बोलता बोलता म्हणेल, सुरुवातीचे दिवस दवाखान्यात गेले, आठवण्यासारखं काही नाही. मग मन हलकं झालं असतं.

दुकानात लसणाचा आणि खरपूस शेंगदाण्यांचा वास भरला होता. आक्काताईंनी त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं.

“आज हिकडं कसं काय वाट चुकलासा?”

“सहज. एक विचारायचं होतं. चकती बसवल्यावर सगळ्यात पहिलं काय आठवतं तुम्हाला?”

आक्काताईंचा हात परातीत थांबला.

“मालक,” त्या म्हणाल्या. “डोळं उघडलं तर उशाला मालक बसल्यालं. सकाळी बी तेच, सांजला बी तेच. झटका आल्यापासनं मी त्यास्नी दर घटकेला इचारायची, तुमी जेवलासा का? चकती बसली आणि मी इचारायची थांबले, तर त्ये रडाय लागले. म्हनले, आता तुला माझं जेवलेलं ध्यानात ऱ्हातंय.” त्या जरा हसल्या. “पन्नास दिसांनी गेले. छातीत कळ आली आणि संपलं. चाळीस वर्सं संसार केला, पर त्या पन्नास दिसांत जेवढं बोलले तेवढं कधी बोलले न्हवते. मला हात लावू देत नव्हते कशाला. भडंग त्येंनीच परतायचं आणि इचारायचं, मीठ झालं का?”

पन्नास दिवस. दोन महिन्यांत ते सगळे मावत होते.

इथे ते उठून घरी जाऊ शकले असते. जायलाच हवं होतं, असं त्यांना नंतरही वाटलं नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं: स्वतःचा भरलेला खण, फट, प्रोग्रॅम, मुलीचे दिवस, आणि शेजारचा खण कुणाचा आहे ते. एक गिऱ्हाईक येऊन पुडा घेऊन गेलं.

“म्हंजे ह्ये तुमी केलं असतं तर मला काय बी कळलं नसतं.”

“नाही.”

“मग सांगायला कशाला आलासा?”

हुपरीकरांनी मान खाली घातली आणि त्यांचे डोळे वाहू लागले. साठीला टेकलेला माणूस परक्या बाईच्या दुकानात रडतोय हे बरं दिसत नाही, एवढं त्यांना कळत होतं, पण इलाज नव्हता.

आक्काताईंनी एक मोठी पिशवी घेतली आणि त्यात भडंग भरायला सुरुवात केली, एक माप, दोन मापं.

“लेकीचं दिस कवा भरत्यात?”

“पुढच्या महिन्याच्या अखेरीस.”

“दवाखाना?”

त्यांनी नाव सांगितलं. आक्काताईंनी पिशवीला गाठ मारली आणि त्यांच्या हातात दिली. “जावा आता. शेवटची गाडी भरून येती.”

*

शुक्रवारी हुपरीकर केंद्रात गेले. इरफान आता विभागप्रमुख होता, केस पिकले होते, पण सर आले की उभा राहायचा. हुपरीकरांनी त्याच्यासमोर नकाराचा कागद ठेवला आणि दोन ओळींवर बोट ठेवलं.

इरफानचा चेहरा उतरला. “दोनदा वाचतोय.”

“सहा वर्षं.”

“सर, दुसरी सही माझी आहे.”

“पहिली माझी आहे. घे लिहायला.”

दुरुस्ती एका ओळीची होती. चिठ्ठी आधी यजमानाच्या जागेत उतरवून घ्यायची, तीच तपासायची, तीच वापरायची. पाहुण्याच्या हाताला ती पुन्हा लागू द्यायची नाही. काढून टाकलेली ओळ हुपरीकरांनी होती तिथे परत लिहिली. केंद्राचा दंडक होता की तपासनिसात बदल करताना आधी चूक घडवून दाखवायची, मग दुरुस्ती करून ती घडत नाही हे दाखवायचं. हुपरीकरांचा प्रोग्रॅम तयारच होता. चाचणीच्या यंत्रावर, खोट्या पाहुण्यांवर त्यांनी तो चालवला. चार हजारांपैकी एक चिठ्ठी जुळली आणि एक खण दुसऱ्यावर अलगद चढला. इतकं सोपं होतं ते.

दुरुस्तीनंतर त्यांनी तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला. चार हजार नकार आले.

इरफानने सहीसाठी पेन उचललं आणि खाली ठेवलं. “सर, ही सही झाली की तुमचा रस्ता बंद. मी एक आठवडा थांबू शकतो. कुणी विचारणार नाही.”

हुपरीकरांना त्या क्षणी त्याचा राग आला आणि मायाही आली. कुणी विचारणार नाही, कुणाला कळणार नाही, सगळे त्यांच्यासाठी दार किलकिलं धरून उभे होते.

“कर सही,” ते म्हणाले. “आणि ते कारण क्रमांक चार. त्याच्या सुरुवातीला कृपया घाल.”

उरलेले दिवस त्यांनी घरातच काढले. केतकी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने भडंगाची पिशवी उघडली, मूठभर खाल्लं आणि म्हणाली, “मीठ झालंय बरोबर.” अकराव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, तिने त्यांचा तळवा आपल्या पोटावर ठेवला. आतून लाथ आली. मग आणखी एक. हुपरीकर हात न हलवता बसून राहिले.

*

हुपरीकर जागे झाले तेव्हा तळव्यात अजून ती लाथ होती. काल दुपारची.

पण खोली जरा बदललेली वाटली. कपाटाला कुणीतरी खडूने रेघोट्या मारल्या होत्या. आरशात पाहिलं तर दाढी सगळी पांढरी. टेबलावर त्यांच्याच अक्षरातला एक कागद होता: ‘खण भरला आहे. घाबरू नये. आज मंगळवार असेल तर पाहुणे येतील.’ त्यांनी तो दोनदा वाचला. भिंती तिथेच होत्या आणि ते आतच होते.

बाहेरच्या खोलीत एक बाई बसल्या होत्या, मांडीवर भडंगाचा पुडा. त्यांना ते ओळखत होते. त्या थकलेल्या दिसत होत्या, मागच्या आठवड्यापेक्षा पुष्कळ. त्यांच्या शेजारी चारेक वर्षांची एक मुलगी पुड्यातले शेंगदाणे वेचून खात होती.

“आक्काताई? तुम्ही इकडे? आणि ही कुणाची?”

“बसा सर,” आक्काताई म्हणाल्या. “ही तुमची नात.”

हुपरीकर खुर्चीचा हात धरून बसले. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. तिला यात नवं काही दिसत नव्हतं.

“तुमी ती फट बुजवून आलासा, त्याच्या दीड महिन्यानं,” आक्काताई सांगू लागल्या. “गुरुवार व्हता. मी सकाळच्या गाडीनं आलते. दवाखान्यात तुमी बाकावर बसून सारखं इचारत व्हता, आपन हितं कशाला आलोय? मी दर खेपंला सांगितलं. मग नर्सबाईनं दुपट्यात गुंडाळून बाहेर आणलं आणि आधी तुमच्या हातात दिलं. केतकीनंच सांगितल्यालं तसं.”

“मी काय केलं?”

“काय करताय? हात थरथरत व्हते. म्हनून मी खालनं हात लावला. पोरीनं तुमचं बोट धरलं आणि सोडंना. नर्सबाई म्हनली, द्या आता, आत न्यायचंय. तुमी म्हनलासा, थांबा, ती काहीतरी मागतीया. आणि मग तिच्या कानाशी वाकलासा…”

“विनंती मंजूर,” मुलगी शेंगदाणा चावत म्हणाली. तिला ते पाठ होतं.

हुपरीकर हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. हे त्यांना आठवत नव्हतं आणि थोड्या वेळाने ऐकलेलंही आठवणार नव्हतं. पण ते कुठे आहे हे आता त्यांना कळलं होतं: भिंतीच्या पलीकडे, दोनशे तेरामध्ये, मालकांच्या पन्नास दिवसांनंतर कुठेतरी. तिथे ते कुणी चोरून लिहिलेलं नव्हतं.

“केस होते का तिला?” त्यांनी विचारलं.

“व्हते की. भरपूर व्हते,” आक्काताई म्हणाल्या, आणि पुडा त्यांच्यापुढे सरकवून पुढचं सांगू लागल्या.